भोंग्याच्या अकरा ओळी

लिहून द्या? काय लिहून द्या, प्रमिलाबाई? भोंगा बंद होता असं मी, या कौतिक पाटलानं, स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं? बसा, आधी बसा, भडगावहून एवढ्या उन्हात आलात, पाणी घ्या — पण हे काय ग्रामपंचायत नाही हं, की गेलं अन् दाखला घेऊन आलं. हे सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. इथं कागदावर जे उतरतं ते तपासून उतरतं. आणि तपासतो कोण? मीच तपासतो. दारावरची पाटी वाचली ना — 'गुणवत्ता प्रमुख'? तो मी. तुमच्या यजमानांबद्दल, नथ्थूभाऊबद्दल, मलाही वाईट वाटतं, नाही असं नाही — नऊ वर्षं केळी पिकवायच्या चेंबरवर काम केलेला माणूस, एका दिवसात घरी बसला — पण वाईट वाटलं म्हणून काय खोटं लिहू? ती भिंत बघा. ती फ्रेम. वाचता येतं ना? सातवी? मग झालं, आकडा तर वाचता येईल. शंभर. शंभर टक्के! त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आहे ते आमच्या मालकांनी, अभयशेठनं, स्वतःच्या बोटानं काढलंय.

आता शंभर टक्के म्हणजे काय, ते समजावून सांगतो, म्हणजे भडगावात जाऊन चार लोकांना तुम्हीही सांगाल. चेंबरमधला पंखा कधी फिरायचा, गॅस किती सोडायचा, थंडावा किती ठेवायचा, आतली हवा बिघडली तर भोंगा कधी वाजवायचा — हे सगळं आमचा प्रोग्रॅम ठरवतो. प्रोग्रॅम म्हणजे ओळी. एकाखाली एक, शेकडो ओळी. आता त्या बरोबर आहेत की नाहीत हे कसं कळणार? तर प्रत्येक ओळ चालवून बघायची. लग्नात पंगत बसते ना, आपण वाढप्याला विचारतो — सगळ्यांच्या पानात पडलं का रे? — तसं. शंभर माणसं बसली, शंभरांना वाढलं, की झालं शंभर टक्के. याला आमच्यात कव्हरेज म्हणतात. पुण्यातल्या मोठमोठ्या कंपन्या ऐंशी-पंचाऐंशीवर ढेकर देतात. आमचं शंभर! जळगावात बसून! एकसुद्धा उपाशी नाही. अशा प्रोग्रॅमचा भोंगा बंद होता म्हणता तुम्ही. नाचता येईना अन् अंगण वाकडं, दुसरं काय.

अहो, मी काय सांगितलं नाही त्यांना? सगळं नीट शिकवलं होतं. चेंबरवर आमचा प्रोग्रॅम बसवायला मीच गेलो होतो, चेंबरचे मालक प्रेमराजशेठ पण होते तिथं, नथ्थूभाऊला खांद्यावर हात ठेवून सांगितलं — नथ्थूभाऊ, बंद खोलीत केळी पिकते, तिथली हवा माणसाच्या कामाची नसते, म्हणून आत जाण्याआधी फक्त कान द्यायचा. भोंगा वाजत असेल तर आत जायचं नाही, वाजत नसेल तर खुशाल जा, सगळं ठीक, बठ्ठं बराबर शे. एवढं सोपं. आणि माणसानं ऐकलंही, नऊ वर्षांत — म्हणजे आमचा प्रोग्रॅम बसवल्यापासून चार वर्षांत — एक दिवस नियम मोडला नाही, हे मीसुद्धा कबूल करतो. पण दिवस कुठला निवडला पडायला? पोळ्याची कर! अख्खा तालुका त्या दिवशी कसल्या वासात असतो ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? दोघांनी चेंबरमधून पाय धरून बाहेर ओढला, शुद्ध नाही, तोंडाला फेस, कपाळ फुटलेलं. आणि शुद्धीवर आल्यावर एकच पालुपद — भोंगा वाजनाच नही, भाऊ, भोंगा वाजनाच नही. बरोबर आहे! वाजला नाहीच! वाजला नाही म्हणजे हवा चांगली होती. हवा चांगली होती म्हणजे चक्कर हवेनं आली नाही. मग कशानं आली? एवढंच मी चौकशीच्या कागदावर लिहिलं. 'दारू' हा शब्द मी लिहिलेलाच नाही, काढून बघा. मी लिहिलं, 'अन्य कारणाने'. आता प्रेमराजशेठनं त्याचा अर्थ काय घेतला अन् गावानं त्यांना बेवडा म्हणायला सुरुवात केली, त्याला मी काय करू?

पीत नाहीत? कधीच नाही? तुमचं म्हणणं बरोबर असेल बाई, बायकोला सगळंच माहीत असतं असं नाही, पण जाऊ द्या. आणि बरं का, मी त्या दिवशी मशीनवर जाऊन बटणही दाबून बघितलं, सगळ्यांसमोर. पों! असा वाजला की शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसं बाहेर आली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? यावर आमच्या प्रोग्रॅमर नूतन मॅडमचं काय म्हणणं — त्या बघा, कोपऱ्यात, चष्मा, मान खाली, ऐकताहेत सगळं — म्हणे सर, बटण वायरनं थेट भोंग्याला जोडलंय, ते प्रोग्रॅममधून जातच नाही, त्यानं प्रोग्रॅम सिद्ध होत नाही. ऐका! वाजला तरी सिद्ध होत नाही! अमळनेरच्या आहेत, तिकडं तत्त्वज्ञानाचं मंदिरच आहे ना, तत्त्वज्ञान फार.

चार वर्षं, प्रमिलाबाई. भडगावचं धरून नऊ चेंबर. आणि चार वर्षांत नऊपैकी एकाही चेंबरमध्ये भोंगा एकदाही वाजलेला नाही! एकदाही! हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सांगतो — आमच्याकडे हवा बिघडतच नाही. दुसऱ्यांचे भोंगे बघा, आठवड्यातून दोनदा बोंबलतात. आमचा गप्प. अभयशेठ तर म्हणतात, कौतिकराव, भोंगा घरातल्या सुनेसारखा पाहिजे, आहे पण आवाज नाही. हसू नका हो नूतन मॅडम, मला ऐकू येतं. नाही हसलात? मग ते नाकातून काय आलं?

आता या मॅडमचंच सांगतो तुम्हाला, म्हणजे आमच्याकडं काय डोकेदुखी आहे ते कळेल. ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात — पायथन — तिचं दर वर्षी नवीन व्हर्जन निघतं. साड्यांसारखं. जुनी चांगली असते, फाटलेली नसते, पण नवीन आली ना! तीन आठवड्यांपूर्वी मॅडम म्हणाल्या, जुन्या व्हर्जनला आता दुरुस्त्या येणार नाहीत, नवीन घेऊ. म्हटलं घ्या. घेतलं. प्रोग्रॅम तोच, टेस्ट त्याच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही — आणि आकडा आला सत्त्याण्णव! मी म्हटलं हे काय? रात्रीतून तीन टक्के कुणी खाल्ले? उंदरानं? परत चालवा. परत सत्त्याण्णव. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सत्त्याण्णव. शेठच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर, तिथं एसी आहे, म्हटलं थंड हवेत नीट मोजेल — सत्त्याण्णव. म्हशीला दुखणं अन् पखालीला इंजेक्शन, असे आम्ही तीन दिवस फिरलो. शेवटी मी निकाल दिला — नवीन व्हर्जनला मोजता येत नाही. साधी गोष्ट आहे. जुना काटा बरोबर, नवा काटा खोटा. बाजार समितीत कुणालाही विचारा.

तर मॅडम काय म्हणतात? उलटं! म्हणे सर, जुनंच व्हर्जन काही ओळी मोजत नव्हतं. का नव्हतं मोजत बाई? तर म्हणे त्या ओळी कधी चालणारच नाहीत अशा ठेवल्यात, म्हणून जुनं व्हर्जन त्यांना मोजणीतूनच काढून टाकत होतं, पानच मांडत नव्हतं. नवं व्हर्जन त्यांचं पान मांडतं आणि म्हणतं, हे उपाशी आहेत. मी म्हटलं अहो, ज्या चालणारच नाहीत त्या मोजायच्या कशाला? वरातीला आलाच नाही त्याला जेवलास का विचारायचं? तर मॅडमनं काय केलं? एक कागद काढला, लाल शाईनं रेघा मारल्या, माझ्या टेबलावर ठेवला. रोज ठेवतात. सोमवारचा वेगळा, मंगळवारचा वेगळा. मी वाचत नाही. हा बघा, कपाखाली आहे, टेबलावर डाग पडत नाहीत, चांगला उपयोग आहे. आणि उद्या दसरा! उद्या सकाळी पूजेत नवीन रिपोर्ट मांडायचा आहे, देवीसमोर सत्त्याण्णव ठेवू का? म्हणून कालच सांगितलं, दुपारच्या आत जुनं व्हर्जन परत टाका, शंभरची प्रिंट काढा, फ्रेमवाला सहाला दुकान बंद करतो. शेठनं होकार दिलाय. मॅडमनं अजून टाकलेलं नाही. बघतोय मी.

हो, पूजेत. तुम्ही घरी विळा-कोयता मांडता ना, तसा आमच्याकडं रिपोर्ट. शेठ जैन, पण दसऱ्याची पूजा कधी चुकवली नाही. कॉम्प्युटरला हार, प्रिंटरला कुंकू, माउसला अक्षता. पहिल्या वर्षीची पूजा तर — अहो ती सांगतोच तुम्हाला, ती ऐका, माझं डोकं कसं चालतं ते कळेल. नऊच्या नऊ चेंबरची ऑर्डर होती, दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळीकडं प्रोग्रॅम पाठवायचा, प्रेमराजशेठ, झाडून सगळी गिऱ्हाइकं या हॉलमध्ये बसलेली. मधोमध पाटावर नमुन्याचं मशीन, वर भोंगा, झेंडूचा हार. भटजींनी धूप लावला. असा धूर केला, असा धूर, की माझ्या शेजारचा माणूस मला दिसेना. आता त्या मशीनला हवेचा वास घ्यायचं नाक आहे — त्याला काय कळतं धूप कुठला अन् गॅस कुठला? 'जय देवी' म्हणायला अन् भोंगा सुरू व्हायला एकच गाठ पडली. पों पों पों! भटजींच्या हातातली आरती हलली. शेठचा चेहरा असा लाल. लहान मुलं रडायला लागली, गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघताहेत. मी वायर ओढायला पुढं झालो, तर शेठ ओरडले — हात लावू नका! हळद-कुंकू वाहिलंय, पूजेतल्या वस्तूला उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही!

आता करता काय? हात लावायचा नाही अन् गप्प तर करायचा. तुम्ही काय केलं असतं? दुसऱ्या कुणाची मती गुंग झाली असती. हा कौतिक पाटील मागच्या टेबलावर गेला, दुसरा कॉम्प्युटर उघडला, प्रोग्रॅममध्ये भोंग्याच्या ओळी शोधल्या आणि त्यांच्या डोक्यावर एकच ओळ टाकली — 'जर शून्य असेल तर'. बस्स. म्हणजे काय, शून्य म्हणजे त्या भाषेत खोटं, ते खरं कधी होतच नाही, त्यामुळं त्याखालच्या ओळी चालतच नाहीत. दाराला कडी घातल्यासारखं. मशीनला तारेनं पाठवली — आणि गप्प! चिडीचूप! आरती पूर्ण झाली, शंख वाजला, शेठनं माझ्याकडं बघून अशी मान हलवली — अजून डोळ्यांसमोर आहे. आणि पुढची गंमत ऐका. सकाळपासून आमचा आकडा सत्त्याण्णववर अडलेला होता, कारण भोंग्याची टेस्ट कुणी लिहिलीच नव्हती, रोज कोण ऐकणार ती पों पों — आणि आरतीनंतर रिपोर्ट काढायला गेलो तर शंभर! आपोआप! शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, देवीनं कौल दिला. तिथंच प्रिंट काढली, तिथंच स्वस्तिक. ती फ्रेम, तीच. मग श्रीखंड-पुरी, मग आपट्याची पानं, सोनं घ्या सोनं घ्या, मग मुहूर्त सहा वाजून दहा मिनिटांचा, ठरल्याप्रमाणं सहा वाजून दहा मिनिटांनी नऊही चेंबरला प्रोग्रॅम धाडला, शेठनं मला सगळ्यांसमोर शाल दिली. खरं सांगतो, त्या दिवशी माझी आई असायला पाहिजे होती.

काय? नंतर काय?

नंतर म्हणजे कधी? आरतीनंतर? कडी — हो, मग काढलीच की. काढणारच ना. एवढ्यापुरती घातलेली कडी कुणी ठेवतं का? आरती झाली, मग रिपोर्ट, मग शेठनं हाक मारली, मग जेवणं... पूजेतल्या मशीनला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नव्हता, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी काढली असणार. दुसऱ्या दिवशी मी सासुरवाडीला दोंडाईचाला होतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी. नाही, पण प्रोग्रॅम तर त्याच संध्याकाळी... अहो, काढली असेल! चार वर्षांपूर्वीची गोष्ट, कडी काढल्याचं कुणाच्या लक्षात राहतं? तुम्ही सकाळी निघताना घराला कुलूप घातलं ते आठवतं का? आठवतं? बरं.

थांबा, तुमचं समाधान करतो. हा घ्या मॅडमचा कागद, कप बाजूला करा. लाल ओळी कुठल्या ते वाचूनच दाखवतो, काहीतरी फालतू असेल, तारीख छापायची, नाव छापायचं... ओळ दोनशे चाळीस ते दोनशे पन्नास. अकरा ओळी. 'हवा मर्यादेबाहेर गेल्यास' — चहा सांडलाय इथं — 'गेल्यास भोंगा...' वरची ओळ, दोनशे एकोणचाळीस. 'जर शून्य'.

हं.

नाही, हे असं असतं, प्रमिलाबाई, प्रोग्रॅममध्ये अशा जुन्या ओळी असतात, त्यांची दुसरीकडं काहीतरी सोय केलेली असते. असणार. भोंगा काय एकाच ठिकाणाहून वाजतो का? एकाच ठिकाणाहून वाजतो, पण... हे बघा, माझं बोलणं तुम्ही धरून बसू नका. मी पूजेचं सांगत होतो. गंमत म्हणून सांगत होतो. त्याचा अन् पोळ्याच्या करीचा काय संबंध? नथ्थूभाऊ दारात उभे राहिले, कान दिला, भोंगा वाजत नव्हता, आत गेले. मी सांगितलं होतं तसंच गेले. मी कुठं म्हणतो तसे गेले नाहीत? चौकशीच्या कागदावरही मी 'अन्य कारणाने' लिहिलंय. अन्य म्हणजे कुठलंही.

नूतन, ते जुनं व्हर्जन टाकलं का? नाही? मग आता टाक. आत्ता, माझ्यासमोर. शंभर आला की प्रिंट काढ आणि हे लाल कागद, सोमवारपासूनचे सगळे, इकडं आण. बघतेस काय? प्रिंटर कसला चालू आहे? मी अजून सांगितलं नाही काढायला. नूतन. ती प्रिंट कुठली आहे? सत्त्याण्णवची? त्यावर मराठीत काय लिहिलंस ते पेनानं? 'या ओळी चार वर्षांपासून बंद आहेत. प्रोग्रॅममधून भोंगा वाजूच शकत नाही.' आणि सही? स्वतःची सही केलीस? तुला नोकरी नकोय का? शेठला काय सांगणार आहेस? आणि — ए, त्यांच्या हातात देऊ नको. नूतन! प्रमिलाबाई, तो कागद माझ्याकडं द्या. ते ऑफिसचं कागदपत्र आहे, बाहेर नेता येत नाही, नियम आहे. घडी घालू नका. पिशवीत ठेवू नका. अहो बाई, त्यानं काय होणार आहे? नोकरी काय लगेच मिळते का, गावाचं तोंड काय एका कागदानं बंद होतं का? मी प्रेमराजशेठशी बोलतो ना, मी स्वतः बोलतो, नथ्थूभाऊला कुठंतरी लावून देऊ, वॉचमन म्हणून लावून देऊ, तुम्ही फक्त तो कागद —

काय म्हणालात?

कुणाला फोन? बाकीच्या आठ चेंबरला? ते कशाला आता मध्ये? तुमचं काम तर झालं, कागद मिळाला तुम्हाला. बाकीच्यांशी तुमचं काय देणंघेणं? साडेअकरा... साडेअकराला काय असतं? माल बघायला आत जातात. हो, मला माहीत आहे जातात. वेळ मीच बसवून दिली आहे. पण आठ ठिकाणी फोन करून मी काय सांगू? आत जाऊ नका म्हणून सांगू? का म्हणून विचारलं तर? चार वर्षं रोज आत गेले ना, काही झालं का कुणाला, एक नथ्थूभाऊ सोडले तर? आज अर्धा तास अजून गेला तर काय बिघडतं? शेठ येतील, शेठना विचारतो, मग बघू. नूतन, फोन ठेव खाली. कुणाला लावतेस? आधी शेठना विचारायचं. फोन ठेव म्हणतो ना. आणि तुम्ही, प्रमिलाबाई, तुम्ही अशा माझ्याकडं बघत उभ्या राहू नका. निघा आता. भडगावची गाडी बाराची आहे. ऑफिस बंद करायचंय मला. निघा.